एका परिच्छेदाचे गाव

युरोप-अमेरिकेतील एखादी ख्रिस्ती मंडळी आणि आफ्रिकेतील एखादे खेडे यांच्यातील संबंधाला गेली काही दशके ‘भागीदारी’ असे नाव मिळाले आहे. ‘मिशन’ हा शब्द एकट्याने उच्चारणे आता संकोचाचे वाटते; त्याच्या जोडीला ‘भागीदारी’ आली की तो संकोच मावळतो. उत्तरेकडच्या शहरातील दहाबारा माणसे वर्षा-दोन वर्षांनी विमानाने निघतात, राजधानीत उतरतात, तांबड्या मातीच्या रस्त्याने ‘आपल्या’ खेड्यात पोहोचतात, आठपंधरा दिवस राहतात आणि परत जाऊन त्या भेटीचा वृत्तांत लिहितात. तो वृत्तांत मंडळीच्या पत्रिकेत छापला जातो, उपासनेनंतर छायाचित्रांसह सांगितला जातो आणि पुढच्या वर्षीच्या वर्गणीला आधार म्हणून उपयोगी पडतो. हे सारे करणाऱ्यांच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका घ्यायची आहे ती त्यांच्या वृत्तांताविषयी, आणि त्या वृत्तांताने ज्याला प्रतिष्ठा मिळवून दिली त्या ‘भागीदारी’ या शब्दाविषयी.

हा शब्द मुळात पेढीवरचा आहे. पेढीत भागीदार तोच, ज्याला रोजकीर्द उघडून पाहण्याचा हक्क असतो, नफ्यातोट्याचा जाब विचारता येतो आणि पटले नाही तर आपला हिस्सा घेऊन बाहेर पडता येते. ज्याला वहीला हातच लावता येत नाही, तो फार तर पेढीचा आश्रित असू शकेल. आफ्रिकेतील खेडे या तथाकथित भागीदारीत आश्रिताच्या जागी उभे आहे आणि त्याची ती जागा झाकण्याचे काम भेटीचा वृत्तांत करीत असतो, हे येथे दाखवायचे आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या प्रश्नाकडे वळण्याचे कारणही तेच आहे. पैशाची तपासणी हिशेबनीस करतील. शब्दांची तपासणी करण्याची जबाबदारी टीकाकाराला टाळता येणार नाही.

१

भेटीच्या वृत्तांताचा साचा इतका स्थिर झाला आहे की त्याला स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानायला हरकत नसावी. आरंभी प्रवासाचे हाल येतात. मग वेशीवरचे स्वागत: गाणी, टाळ्या, स्त्रियांचे हर्षनाद. मग मुले. मुले नेहमी हसत असतात आणि त्यांच्या हसण्यावरून ‘एवढे थोडे असूनही एवढे सुखी’ हा निष्कर्ष निघतो. नंतर श्रमाचा भाग येतो. शाळेची भिंत रंगवली जाते, दवाखान्याच्या विटा रचल्या जातात. शेवटी निरोप, अश्रू, आणि आम्ही द्यायला गेलो होतो पण परतताना अधिक घेऊन आलो, अशा आशयाचे समारोपाचे वाक्य.

या समारोपाच्या वाक्याची नम्रता फसवी आहे. पाहुण्यांनी अधिक काय घेतले, असे विचारले तर उत्तर ‘अनुभव’ असे मिळते. खेड्याला रंग मिळाला, पाहुण्यांना आत्मशोध मिळाला. गरिबी ही अशा रीतीने दुसऱ्याच्या आध्यात्मिक उन्नतीचे साधन बनते, आणि साधन म्हणून ती टिकून राहणे कोणाच्या तरी सोयीचे ठरते. असा हेतू कोणी मनात धरून जात नाही. पण साच्याला हेतूची गरज नसते. साचा स्वतःच लिहीत जातो.

वृत्तांताचे व्याकरणही तपासून पाहण्याजोगे आहे. पाहुण्यांना नाव-आडनाव असते, व्यवसाय असतो, मनात द्वंद्व असते. गावकऱ्यांना फक्त पहिले नाव असते, अनेकदा तेही नसते. ‘एक आजी’, ‘एक मुलगा’ एवढ्यावर काम भागते. क्रियापदे पाहुण्यांकडे असतात: आम्ही पाहिले, आम्ही बांधले, आम्ही प्रार्थना केली. गाव कर्मणि प्रयोगात राहते. गावाच्या तोंडी एकच पूर्ण वाक्य येते, तेही दुभाष्यामार्फत, आणि ते आभाराचे असते. पाहुण्यांसाठी कापलेल्या कोंबड्या आदरातिथ्याच्या रकान्यात जातात, खर्चाच्या रकान्यात कधीच जात नाहीत. दानाच्या रकान्यात मात्र रंगाच्या डब्यापर्यंत सर्व नोंदी चोख असतात.

वृत्तांताला ऋतूही एकच ठाऊक असतो. मलावी या देशाचे उदाहरण घ्यावे. स्कॉटलंडच्या चर्चचा या देशाशी १८७५ पासूनचा संबंध आहे आणि तेथील मंडळ्यांशी स्कॉटिश मंडळ्यांचे जोडीचे नाते आजही जपले जाते. मलावीत पावसाळा एकच. नोव्हेंबर-डिसेंबरात पेरलेला मका एप्रिल-मेमध्ये हाती येतो. कणग्या रित्या होतात त्या जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. तेच दिवस हिवतापाचे, तेच चिखलात रुतलेल्या रस्त्यांचे. उत्तर गोलार्धातील शाळा-महाविद्यालयांच्या सुट्ट्या पडतात जून ते ऑगस्टमध्ये. तेव्हा मलावीत हवा थंड व कोरडी असते, रस्ते खडखडीत असतात आणि कणग्या भरलेल्या असतात. ‘थोडे असूनही सुखी’ हा निष्कर्ष कापणीनंतरच्या महिन्यांचा आहे. फेब्रुवारीतल्या गावाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. ग्रामविकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात अशा धावत्या पाहणीला ‘ग्रामविकासाचे पर्यटन’ म्हटले आणि कोरड्या ऋतूचा, डांबरी रस्त्याचा पक्षपात तिच्यात कसा शिरतो, ते दाखवून दिले. विकासाच्या क्षेत्रात ही टीका निदान ऐकली तरी गेली. धर्मकार्याच्या क्षेत्रात, हेतू पवित्र असल्यामुळे, ती लागू पडत नाही असा समज दिसतो.

२

भागीदारीची भाषा आजची नाही, आणि ती प्रथम मागितली गेली ती दक्षिणेकडून. १९१० साली एडिंबरा येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत वेदनायगम सॅम्युएल अझरिया या तरुण भारतीय धर्मसेवकाने परदेशी मिशनरी आणि देशी कार्यकर्ते यांच्या संबंधांवर भाषण केले. मिशनरींनी धन दिले, कष्ट केले, प्राणही वेचले, हे त्यांनी कृतज्ञतेने मान्य केले. आणि यांखेरीज जे दिले गेले नाही ते मागितले: मैत्री. सभागृह अस्वस्थ झाले. दोन वर्षांनी अझरिया दोर्नकलचे बिशप झाले, अँग्लिकन पंथातील पहिले भारतीय बिशप. मैत्रीची मागणी मात्र ठरावांच्या भाषेत रूपांतरित होत गेली. १९४७ साली कॅनडातील व्हिटबी येथील परिषदेने ‘आज्ञापालनातील भागीदारी’ असा घोष दिला. १९६३ साली टोरांटोच्या अँग्लिकन परिषदेत परस्पर जबाबदारी आणि परस्परावलंबन यांची घोषणा झाली. शब्द उदात्त होत गेले आणि पैसा ज्या दिशेने वाहत होता त्याच दिशेने वाहत राहिला.

या शब्दांची खरी कसोटी १९७१ साली लागली. केनियातील प्रेस्बिटेरियन चर्चचे जॉन गाटू यांनी अमेरिकेतील एका मिशनसभेत सांगितले की पाश्चात्त्य मिशनरी आणि पाश्चात्त्य पैसा यांचा ओघ काही काळ थांबवावा, म्हणजे आफ्रिकी चर्चला स्वतःच्या पायांवर उभे राहता येईल आणि देणाऱ्यांनाही आपले देणे कशासाठी आहे ते उमगेल. १९७४ साली लुसाका येथे भरलेल्या अखिल आफ्रिकी चर्च परिषदेच्या अधिवेशनाने या मागणीला पाठिंबा दिला. भागीदाराने प्रथमच रोजकीर्द मागितली होती. तिकडून उत्तर आले ते दुखावलेल्या उपकारकर्त्याचे. ही कृतघ्नता आहे, हा राष्ट्रवाद आहे, याने सुवार्तेची हानी होईल, असे आक्षेप आले. पुढच्या दशकांत विमानप्रवास स्वस्त झाला आणि एकेकाळी आयुष्यभरासाठी जाणाऱ्या मिशनरीची जागा पंधरा दिवसांच्या पाहुण्यांनी घेतली. गाटूंच्या प्रश्नाला उत्तर मिळालेच नाही. तो प्रश्न स्वागतगीतांच्या आवाजात बुडाला.

जुन्या मिशनरीवर टीका करणे आज सोपे आहे. तरीही एक गोष्ट त्याच्या पदरात टाकली पाहिजे. तो भाषा शिकत असे, व्याकरणे आणि शब्दकोश रचीत असे, तेथेच तापाने मरत असे. गावाला त्याच्याशी भांडायला पुरेसा वेळ मिळत असे. पंधरा दिवसांच्या पाहुण्याशी भांडता येत नाही. त्याला फक्त निरोप देता येतो.

३

आफ्रिकी कादंबरीने हा साचा फार पूर्वी ओळखला होता. चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) या कादंबरीचा शेवट वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. ओकोंक्वोने गळफास घेतला आहे. वाचकाने त्याचे सारे आयुष्य, त्याचा अहंकार, त्याचे पाप, त्याच्या गावाचे धर्मकारण आणि न्यायकारण जवळून पाहिले आहे. आणि ब्रिटिश जिल्हाधिकारी मनाशी विचार करतो की आपण लिहीत असलेल्या पुस्तकात या माणसाला एखादे प्रकरण नाही तरी एक बऱ्यापैकी परिच्छेद देता येईल. अचेबेंनी दोनशे पानांत उभे केलेले जग एका परिच्छेदात बसवले जाताना वाचकाला दिसते. आजच्या भेटवृत्तांताचा लेखक त्या अधिकाऱ्यासारखा क्रूर नाही, तो प्रेमळ आहे. पण त्याच्या हातूनही गावाचा परिच्छेदच होतो. प्रेमाने केलेला संक्षेप हा संक्षेपच असतो.

मोंगो बेती यांची ‘ल पोव्र क्रिस्त द बोंबा’ (१९५६) ही फ्रेंच कादंबरी तर सरळसरळ मिशनच्या ग्रामभेटीचीच कथा आहे. कॅमेरूनमधील फादर द्रुमों ताला प्रदेशाच्या दौऱ्यावर निघतो. ताला प्रदेशातील लोकांना आपली उणीव भासावी म्हणून त्याने तीन वर्षे तिकडे पाऊल टाकलेले नसते. आणि जाऊन पाहतो तो काय, त्याच्या वाचून कोणाचे काही अडलेलेच नाही. ही कथा त्याचा सेवक असलेला एक भाबडा मुलगा रोजनिशीत लिहितो. म्हणजे भेटीचा वृत्तांतच, पण लेखणी यजमानाच्या हाती. फादरचा आचारी झकारिया त्याला निर्विकारपणे सांगतो की लोक तुमच्याकडे आले ते तुमच्या सामर्थ्याचे, विमान-रेल्वेचे रहस्य कळावे म्हणून. तुम्ही त्यांना देवाविषयी सांगत बसलात. फादर द्रुमों अखेर हरतो, आणि त्याचे मोठेपण असे की तो हरल्याचे ओळखतो. भेटीच्या वृत्तांतात न सापडणारा हा एकमेव अनुभव आहे: पाहुण्याचा पराभव.

याच्या उलट उदाहरण बार्बरा किंगसॉल्व्हर यांच्या ‘द पॉयझनवुड बायबल’ (१९९८) या कादंबरीचे. काँगोतील खेड्यात गेलेल्या हेकट अमेरिकन उपदेशकावर इतकी कठोर टीका क्वचितच झाली असेल. पण ही कादंबरी सांगतात पाच जणी, त्या उपदेशकाची पत्नी आणि चार मुली. ज्या गावाचे नुकसान झाले त्या गावाला पाचांतला एकही आवाज मिळालेला नाही. पश्चात्तापसुद्धा पाहुण्यांनीच करायचा आणि त्याची कलाकृतीही त्यांनीच करायची. भेटवृत्तांताचा साचा त्याच्या विरोधकांच्याही लेखणीत किती खोल उतरला आहे, याचे हे गमक आहे.

यावर कोणी म्हणेल की खेडे लिहीत नाही, म्हणून पाहुण्यांना लिहावे लागते. हे विधान इतिहासाला धरून नाही. मलावीपुरते पाहिले तरी, लिव्हिंग्स्टोनिया मिशनमध्ये शिकलेल्या चार्ल्स डोमिंगो यांनी १९११ मध्येच लिहून ठेवले होते की मिशन, सरकार आणि व्यापारी कंपन्या ही तीन शरीरे असली तरी आफ्रिकी माणसाकडे पाहण्याची त्यांची नजर एकच आहे. ज्या मिशनची स्थापना १८७५ ची, त्याने पहिल्या आफ्रिकी धर्मगुरूंना दीक्षा दिली ती १९१४ साली, म्हणजे एकोणचाळीस वर्षांनी. त्यांच्यातील येसाया झेरेंजे म्वासी यांनी १९३३ साली मिशनपासून फारकत घेऊन स्वतंत्र चर्च स्थापले आणि आपण स्वतंत्रपणे का काम करणार, याची कारणे सविस्तर लिहून काढली. अलीकडचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. ८ मार्च १९९२ रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, मलावीच्या कॅथलिक बिशपांचे एक पत्र देशभरच्या चर्चमधून वाचले गेले. हेस्टिंग्ज बांडा यांच्या एकपक्षीय राजवटीतील अन्याय, भीती आणि विषमता यांविषयी त्यात उघडपणे लिहिले होते. सरकारने पत्र देशद्रोही ठरवले, बिशपांची चौकशी झाली. पुढच्या वर्षी, १९९३ च्या जूनमध्ये, सार्वमत झाले आणि १९९४ मध्ये बहुपक्षीय निवडणुका झाल्या. ज्या बाकांवर बसून लोकांनी जिवावर उदार होऊन ते पत्र ऐकले, त्याच बाकांवर भेटवृत्तांतातील गावकरी केवळ गात असतात.

तेव्हा खेडे मुके आहे, हे खरे नाही. त्याचे लिहिलेले मागवून घेतले जात नाही, हे खरे आहे.

४

येथे महाराष्ट्राचा एक धागा या कथेत गुंतलेला आहे. नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम चालवला होता. तेथे शिकलेला जेकब वेनराइट हा याओ समाजातला तरुण डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या काळात त्याच्यापर्यंत पोहोचला. १८७३ च्या मे महिन्यात, आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाला, तेव्हा अंत्यविधीच्या प्रार्थना वेनराइटने वाचल्या आणि झाडाच्या बुंध्यावर लेख कोरला. सुसी, चुमा आणि त्यांच्या साथीदारांबरोबर त्याने ते पार्थिव महिनोन्‌महिने चालून किनाऱ्यावर आणले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात देणाऱ्यांत तो होता. लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या रोजनिश्या त्याच वर्षी ग्रंथरूपाने निघाल्या आणि जगभर वाचल्या गेल्या. वेनराइटनेही रोजनिशी ठेवली होती. तिचे मूळ हस्तलिखित मात्र दीर्घकाळ कपाटातच राहिले. नाशिकच्या मुलाने इंग्रजीत लिहिलेले वाचण्याची घाई इंग्रजी वाचकाला नव्हती. पुढे १८७५ मध्ये मोंबासाजवळ मुक्त गुलामांची जी वसाहत उभी राहिली तिला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचे नाव मिळाले. तिच्या पायाभरणीत राबलेले नाशिकचे आफ्रिकी विद्यार्थी ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ या सामुदायिक नावाखाली इतिहासात शिरले. पुन्हा एकदा परिच्छेद.

यजमानाने पाहुणा होऊन लिहिले तर काय घडते, याचीही उदाहरणे आहेत. १९०२ साली बुगांडाचे प्रधान अपोलो काग्वा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. त्यांचे चिटणीस हाम मुकासा यांनी त्या प्रवासाचा वृत्तांत लुगांडा भाषेत लिहिला. त्याचे इंग्रजी रूपांतर १९०४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुकासांच्या वृत्तांतात कौतुक पुष्कळ आहे, कटुता फारशी नाही. पण तेथे इंग्लंड ही पाहण्याची वस्तू आहे आणि पाहणारा आफ्रिकी आहे. एवढ्या अदलाबदलीने गद्याचा सारा तोल बदलतो.

मराठी वाचकाला तर यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि तेथे त्यांनी मदत मागितली. चर्चच्या सभांतून त्यांना दुःखी हिंदू विधवांची प्रतिनिधी म्हणून उभे केले जात होते. परतल्यावर त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) हा ग्रंथ मराठीत लिहिला. देणगी देणाऱ्या देशाची राज्यव्यवस्था, तेथील स्त्रियांची चळवळ, मूळ रहिवाशांवर आणि कृष्णवर्णीयांवर झालेला अन्याय, या सर्वांचा त्यांनी धीटपणे परामर्श घेतला. ज्यांच्याकडून साहाय्य घेतले त्यांचे परीक्षण करण्याचा हक्क साहाय्य घेतल्याने नष्ट होत नाही, हे त्या ग्रंथाने सिद्ध केले. रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, तो याच वृत्तीचा दुसरा आविष्कार होता. म्वासींची कारणे आणि टिळकांची कारणे शेजारी ठेवून वाचणारा अभ्यासक अजून मिळायचा आहे.

५

येथे दोन आक्षेप संभवतात आणि दोन्हींचा विचार केला पाहिजे.

पहिला असा की शब्दांची चिकित्सा करणाऱ्याने तहानलेल्या माणसाला काय द्यावे? विंधण विहीर खोदली गेली, पाणी आले. वृत्तांत कसाही लिहिला तरी काय बिघडले? या प्रश्नात तथ्य आहे, आणि त्याचे उत्तरही पाण्याच्याच इतिहासात आहे. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत बसवलेल्या हातपंपांपैकी सुमारे एकतृतीयांश कोणत्याही वेळी बंद असतात, असे या क्षेत्रातील जाणकार दीर्घकाळ सांगत आले आहेत. पंप बसवल्याचे छायाचित्र वृत्तांतात येते. घासलेले वॉशर आणि न मिळणारी सळई येत नाही, कारण तोवर पाहुणे घरी पोहोचलेले असतात. याच्या शेजारी महाराष्ट्रातले उदाहरण ठेवावे. दुष्काळी भागात विंधण विहिरींवरचे बिडाचे पंप वारंवार मोडत, तेव्हा जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या लोकांनी स्थानिक कारखान्यांत, स्थानिक कारागिरांच्या हातांनी मजबूत पंप घडवले. ‘जालना पंप’ आणि ‘सोलापूर पंप’ या नावांनी ते ओळखले गेले. त्यांच्याच अनुभवातून १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क २’ हा पंप तयार झाला आणि पुढे आफ्रिकेतील अनेक देशांत पोहोचला. तो घडला तो पंधरा दिवसांच्या भेटीत नव्हे. माणसे तेथे राहिली, पंप मोडताना त्यांनी पाहिला, आणि जेथे मोडला तेथल्याच लोहाराबरोबर दुरुस्त केला. मिशनच्या नावाने झालेल्या सर्वच कामावर बोळा फिरवण्याचे कारण नाही, हे त्या पंपावरून कळते. आणि भागीदारी कशाला म्हणावे, हेही कळते. अपयश दोघांनी एकत्र पाहिले तरच ती भागीदारी. वृत्तांताला अपयश पाहताच येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, कारण तो आक्षेपाच्या रूपात येत नाही. टाळीच्या रूपात येतो. मिशनवर टीका दिसताच आपल्याकडे एक वर्ग संतुष्ट होतो. परधर्माचे उणे निघाले यातच त्याला रस असतो. त्याने येथे टाळी वाजवू नये. म्वासी, गाटू, अझरिया आणि मलावीचे बिशप हे सर्व श्रद्धावान ख्रिस्ती होते. त्यांची टीका चर्चच्या आतून, चर्चच्याच ग्रंथाच्या आधाराने आलेली आहे. आणि ज्याला आपल्या घरचे व्याकरण तपासायचे असेल त्याने ‘दत्तक गाव’ हा शब्द तपासावा. आपली महाविद्यालये, संस्था आणि उद्योगसमूह गाव ‘दत्तक’ घेतात. दत्तक घेतात ते मूल, आणि तेही त्याच्या जन्मदात्यांनी दिल्यावर. शेकडो वर्षांचे गाव कोणी कोणाला दिले? सात दिवसांचे शिबिर, रंगवलेली भिंत, झाडाचे रोप, अहवाल, आणि ‘गावाकडून आम्हीच शिकलो’ हा समारोप. साच्याला धर्म नसतो. भामरागडच्या पाड्यावर लिहिलेला अहवाल आणि मलावीच्या खेड्यावर लिहिलेला वृत्तांत यांत नावे बदलली तर वाचकाच्या लक्षातही येणार नाही.

६

मलावीतील चेवा लोकांत एक म्हण आहे: धारदार वस्तरा घेऊन येतो तो पाहुणाच. घरच्यांना न सुटलेला गुंता परका माणूस सोडवू शकतो, असा तिचा अर्थ. पाहुण्याविषयीचा एवढा उदार विश्वास फार थोड्या समाजांत आढळेल. शेजारच्या टांझानियातील स्वाहिली म्हण तिला जोड देते: दोन दिवस पाहुणा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. ज्यूलियस न्येरेरे यांनी १९६२ च्या आपल्या ‘उजामा’वरील निबंधात ही म्हण वापरली होती. दोन्ही म्हणी मिळून यजमानाचे शास्त्र पूर्ण होते. पाहुण्याकडे काहीतरी आहे, हे मान्य. पण त्याला काम कोणते द्यायचे, ते यजमान ठरवील. आजच्या भेटीत पाहुणा कुदळ स्वतःच आणतो, कोठे मारायची ते निघण्यापूर्वी ठरवतो, आणि तिसऱ्या दिवशी तिच्यासह छायाचित्र काढून घेतो.

यावर उपाय अवघड नाहीत. ते महागही नाहीत. खेड्याला पाहुणे नाकारता आले पाहिजेत, आणि नाकारल्याने देणगी थांबणार नाही याची हमी असली पाहिजे. पाहुण्यांनी फेब्रुवारीत यावे. जितकी माणसे उत्तरेकडून येतात तितकीच इकडून तिकडे जावीत. आणि आफ्रिकी नावाच्या अर्जावर व्हिसा नाकारला गेला तर स्वतःचे तिकीट रद्द करण्याइतकी लाज भागीदाराला असावी. तिकडे गेलेल्या माणसाने तेथील रिकाम्या होत चाललेल्या चर्चविषयी, एकाकी म्हाताऱ्यांविषयी, घरात शिजवून उरलेल्या आणि फेकलेल्या अन्नाविषयी लिहावे, त्याच्या भाषेत लिहावे, आणि ते उत्तरेकडच्या उपासनेत मोठ्याने वाचले जावे. त्यात आभाराचे वाक्य असलेच पाहिजे असे नाही.

हे घडेपर्यंत ‘भागीदारी’ हा शब्द वापरणाऱ्यांकडे शब्दाचा हिशेब मागणे, एवढे वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या हाती आहे. ग्रंथपालांच्याही हाती काही आहे. भेटीचे वृत्तांत त्यांनी आफ्रिकेच्या विभागात लावू नयेत. ती स्कॉटलंडची, मिनेसोटाची, बव्हेरियाची प्रवासवर्णने आहेत आणि त्यांतून त्या प्रदेशांविषयी पुष्कळ कळण्याजोगे आहे. आफ्रिकेच्या फडताळात त्या जागी डोमिंगो, म्वासी, मुकासा आणि शरणपूरच्या शाळेत अक्षरे गिरवलेला जेकब वेनराइट यांची पुस्तके मागवून ठेवावीत. ती छापलेली नसतील तर ती का छापली नाहीत, असे पत्र प्रकाशकाला लिहावे.